वर्गाला मुकादम नको, प्रतिनिधी हवा

जूनमध्ये शाळा उघडतात आणि जुलै संपायच्या आत भिवंडीतल्या अनेक माध्यमिक शाळांमध्ये 'शालेय मंत्रिमंडळ' स्थापन झालेले असते. मैदानात मुले रांगेने उभी राहतात, मुख्यमंत्र्यापासून क्रीडामंत्र्यापर्यंत सगळ्यांच्या अंगावर पट्टे चढतात, मुख्याध्यापक शपथ देतात, फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. त्यानंतर या मंत्र्यांनी वर्षभर करायचे काय? आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे रविवारी सकाळी विहारात आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा वर्ग घेतो. तिथे येणाऱ्या मुलांना हा प्रश्न विचारला की उत्तर जवळपास एकच येते. सर वर्गात नसताना जो बोलेल त्याचे नाव फळ्यावर लिहायचे.

म्हणजे मुकादमी करायची. मुकादम कोण असतो हे भिवंडीच्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. तो कारखान्यात असतो, गोदामात असतो, महापालिकेच्या सफाई खात्यात असतो. बहुतेक वेळा तो आपल्यातलाच असतो, पण मालकाच्या वतीने आपल्यावर नजर ठेवतो, हजेरी घेतो, खाडा मांडतो. वरचे म्हणणे खाली पोचवणे एवढेच त्याचे काम. खालचे म्हणणे वर नेणे त्याच्या कामात बसत नाही, आणि कधी नेलेच तर त्याची मुकादमी जाते. शाळेतला मॉनिटर नेमके हेच शिकतो. चौदा-पंधराव्या वर्षी पुढारपण म्हणजे आपल्याच माणसांवर नजर ठेवणे असे ज्याच्या अंगवळणी पडले, तो उद्या नगरसेवक झाला तरी तेच करणार आणि आमच्या चळवळीत पदाधिकारी झाला तरी तेच करणार. आज आपल्या संघटनांमध्ये जे चालले आहे ते पाहिले तर या सवयीची मुळे किती खोल आहेत हे कळते.

खाती कुणाला मिळतात हेही पाहण्यासारखे आहे. आम्ही एका रविवारी मुलांना आपापल्या शाळेच्या मंत्रिमंडळाची यादी लिहून आणायला सांगितली. जात लिहू नका, फक्त खाते आणि ते मूल कुठल्या वस्तीतून येते एवढेच लिहा, असे सांगितले. याद्या आल्या. मुले स्वतःच त्या एकमेकांशेजारी ठेवून वाचू लागली आणि थोड्या वेळाने आठवीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, स्वच्छतामंत्री सगळीकडे आपल्याच बाजूचा कसा काय?" सगळी मुले हसली. मग हसणे थांबले. सांस्कृतिक खाते ज्याला गाणे, सूत्रसंचालन येते त्याला. अभ्यास खाते ज्याचे टक्के जास्त त्याला. आणि झाडू, पाण्याची टाकी, कचऱ्याचा डबा ज्याच्या वाट्याला आला त्याला कुणी विचारलेही नव्हते. हे कुणी कट करून केले असेल असे आम्ही म्हणत नाही. कट करावा लागत नाही, यातच जातिव्यवस्थेचे सामर्थ्य आहे. भला शिक्षकही सवयीने तेच हात निवडतो.

निवड कशी होते? बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षक सांगतात ते. काही ठिकाणी मतदान होते, पण हात वर करून, शिक्षकांच्या देखत. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर अख्खे प्रकरण आहे. ते पाठ करून मार्क मिळवणाऱ्या मुलाने गुप्त मतपत्रिका हातात कधी धरलेली नसते. पुढे कॉलेजात गेल्यावर धरेल म्हणावे तर तेही नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेच्या नावाने नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या त्या कागदावरच राहिल्या. म्हणजे आमच्या पोराला पहिली मतपत्रिका एकदम अठराव्या वर्षी भेटते, तीसुद्धा पाचशेच्या नोटेसोबत.

ज्यांना वाटते की नेतृत्व रक्तात असते किंवा आपोआप घडते, त्यांनी बाबासाहेबांचे शेवटचे वर्ष पुन्हा एकदा नीट वाचावे. १९५६ चा जुलै. शरीर थकलेले, धम्मदीक्षेची तयारी सुरू, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापून व्हायचा आहे. अशा वेळी या माणसाने मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' नावाची शाळा काढली. राजकारणात येऊ पाहणाऱ्यांना आधी शिकवायचे, तयार करायचे, अशी ती कल्पना. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांनी तिची व्यवस्था पाहिली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि पुढच्या काही महिन्यांत शाळाही बंद पडली. पुतळे उभारणाऱ्या आपल्या समाजाला ही शाळा पुन्हा उभारावी असे किती वेळा वाटले, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

त्याआधीही त्यांचा हाच धागा होता. १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि सरकारच्या मदतीने माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. त्यांतले एक आपल्या ठाण्याला होते, एक पनवेलला. प्राथमिक शाळा नव्हे, माध्यमिक, हे लक्षात घ्या. मूल जिथून गळते आणि जिथे ते माणूस म्हणून उभे राहायला लागते, ती जागा त्यांनी अचूक हेरली होती. पुढे सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरू लागली. १९५० च्या जानेवारीत देशाचा कायदामंत्री तिथे जाऊन हिंदू कोड बिलावर बोलला. दिल्लीच्या संसदेत जे बिल अडवून धरले होते, ते त्यांनी पोरांच्या पार्लमेंटपुढे मांडले. त्या पार्लमेंटची तुलना आपल्या शाळांतल्या पट्टेवाल्या मंत्रिमंडळाशी करून पाहा. एकीकडे देशाचा ज्वलंत प्रश्न विद्यार्थ्यांसमोर विचारार्थ ठेवला जातो, दुसरीकडे फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे.

हे सगळे आम्ही मांडू लागलो की आपलेच लोक एक आक्षेप घेतात. मुले लहान आहेत, त्यांना शिकू द्या, चळवळीत ओढू नका. आक्षेप घेणारे बहुतेक पालक असतात आणि त्यांची भीती खोटी नाही. दहावी नापास झालेल्या पोरासाठी गोदामाचे दार उघडे असते हे त्यांना ठाऊक आहे. पण लहान म्हणजे किती लहान? मुक्ता साळवे सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला तेव्हा ती शाळकरी मुलगीच होती. तिने वर्गाच्या शिस्तीवर लिहिले नाही, आपल्या माणसांच्या वतीने थेट धर्मालाच जाब विचारला. प्रतिनिधी म्हणतात तो असा.

दुसरे उदाहरण लांबचे आहे, पण आमच्या मुलांना ते फार आवडते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावात काळ्या मुलांचे मोटन हायस्कूल होते. मुले मावत नव्हती म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या शेडमध्ये वर्ग भरत. पालक अर्ज करून थकले होते. सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने आधी काही मोजक्या विद्यार्थ्यांना विश्वासात घेतले, कित्येक महिने गुपचूप तयारी केली आणि २३ एप्रिल १९५१ रोजी सगळ्या शाळेला सभागृहात बोलावून संप पुकारला. चारशेहून अधिक मुले बाहेर पडली. 'एनएएसीपी'च्या वकिलांनी अट घातली की नुसती चांगली इमारत मागू नका, वेगळ्या शाळाच नकोत अशी मागणी करा, तर खटला लढू. मुले आणि पालक तयार झाले. तोच खटला पुढे १९५४ च्या 'ब्राऊन' निकालात इतर खटल्यांबरोबर सामील झाला आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. आम्ही मुलांना हे सांगतो तेव्हा संपापेक्षा त्या आधीच्या महिन्यांवर जास्त बोलतो. कुणाला आधी सांगायचे, कुणाला नाही, मागणी कशी नेमकी करायची, मोठ्यांची मदत कुठल्या टप्प्यावर घ्यायची. संप एका सकाळचा असतो, तयारी कित्येक महिन्यांची.

आता भिवंडीकडे येऊ, कारण इथली अडचण इतर गावांपेक्षा वेगळी आहे. आमच्या शहरात शाळा माध्यमांप्रमाणे विभागल्या आहेत: मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, इंग्रजी. पद्मनगरचे तेलुगू विणकरांचे पोर, शांतीनगरचे उर्दू शाळेतले पोर आणि आमच्या वस्तीतले मराठी शाळेतले पोर एकाच रस्त्याने, एकाच खड्ड्यातून शाळेत जातात. घरात एकाच लूमचा खडखडाट ऐकत अभ्यास करतात. कांडी भरायला तिघेही बसलेले असतात. पण या तीन शाळांचे विद्यार्थी प्रतिनिधी दहावीपर्यंत एकदाही एकमेकांना भेटत नाहीत. तालुक्याच्या बाजूला गेलात तर वीटभट्टीवरचे कातकरी मूल आहे, ते पावसाळा संपला की आईबापाबरोबर भट्टीवर जाते आणि वर्गात त्याची जागा रिकामी होते. त्याच्या रिकाम्या जागेबद्दल बोलणे ही कुणाची जबाबदारी? हजेरीपत्रकात गैरहजेरी पडते. मॉनिटर ती शिक्षकांना मोजून देतो. ते मूल कुठे गेले हे शोधायला त्याला कुणी सांगितलेले नसते.

१९७० आणि १९८४ च्या दंगली या शहराने पाहिल्या. पण १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हेही याच शहराने पाहिले. त्यामागे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून उभा केलेला मोहल्ला समित्यांचा प्रयोग होता. त्यातले मर्म आम्हाला असे दिसते: समित्या दंगल झाल्यावर स्थापन झालेल्या शांतता समित्या नव्हत्या. काही घडलेले नसताना, रिकाम्या वेळी, दोन्ही समाजांतली साधी माणसे नियमित भेटत होती. हातमागवाला, दुकानदार, कामगार. पुढाऱ्यांना तिथे फारसे काम नव्हते. ओळख आधी झाली होती म्हणून अफवा आली तेव्हा विचारायला माणूस होता. हा धडा या शहराच्या शाळांनी घ्यायला हवा होता. आम्हाला वाटते, भिवंडीतल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांचे विद्यार्थी प्रतिनिधी वर्षातून चार वेळा जरी एका सभागृहात बसले, पाणी-संडास-एसटी-परीक्षा असल्या साध्या विषयांवर बोलले, तरी ते शिक्षण कुठल्याही शिबिरापेक्षा मोठे ठरेल. महापालिकेच्या शाळा विभागाला हे सुचावे म्हणून आपण दोन पानांचा प्रस्ताव द्यायला काही हरकत नाही. आमच्या रविवारच्या वर्गात सध्या उर्दू माध्यमातली दोन मुले येतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी हिंदीत पुन्हा सांगाव्या लागतात, आणि त्या निमित्ताने मराठी मुलांना आपण काय शिकलो ते पुन्हा ऐकायला मिळते.

रविवारी आम्ही नेमके काय शिकवतो असे अनेक कार्यकर्ते विचारतात. भाषण शिकवत नाही, हे पहिले उत्तर. भाषण करणारी पोरे आपल्याकडे भरपूर आहेत. १४ एप्रिलला कुठल्याही चौकात पाचवीतले मूल बाबासाहेबांच्या पदव्या घडाघडा म्हणून दाखवते आणि टाळ्या घेते. आम्ही अर्ज शिकवतो. साधा, एका पानाचा. कुणाला लिहायचा, विषय एका ओळीत कसा लिहायचा, एका अर्जात एकच मागणी का करायची, 'कृपा करावी' न लिहिता 'विनंती आहे' कसे लिहायचे. दुसरी प्रत बरोबर न्यायची, तिच्यावर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच घेणे मुलांना सगळ्यांत अवघड जाते, कारण मोठ्या माणसाकडे सही मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे त्यांच्या मनात भरवलेले असते. आम्ही दोन मुलांना लिपिक करतो आणि बाकीच्यांना त्यांच्याकडून पोच आणायला लावतो. लिपिक झालेली मुले अशी काही झापतात की आम्हाला प्रश्न पडतो, ही भाषा यांनी कुठे ऐकली? ऐकलेली असते. जातीच्या दाखल्यासाठी आईबरोबर रांगेत उभे राहून ऐकलेली असते.

मग माहिती. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम, आणि नववीपासून काहीच नाही. वाढण्याआधी अन्नाची चव घेऊन नोंदवहीत नोंद करायची असते. हे आकडे माहीत असलेला आठवीचा प्रतिनिधी आणि 'खिचडी पातळ असते' असे म्हणणारा प्रतिनिधी यांच्याशी शाळा सारख्याच पद्धतीने बोलत नाही, हा आमचा अनुभव आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी लिहिलेले आहे. कलम १७ मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला मनाई करते. आठवी ते दहावीच्या आपल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. अर्ज भरायचा राहिला तो दाखल्यावाचून की बँक खात्यावाचून, हे वर्गातल्या वर्गात विचारून यादी करणे हे प्रतिनिधीचे काम आहे. अशी यादी करणारी एक तरी मुलगी प्रत्येक वर्गात असेल तर किती मुलांचे पैसे वाचतील!

सभा चालवणेही शिकवतो. वर्गात सत्तर मुले असतात, त्यांतली दहा बोलतात. उरलेल्या साठांचे म्हणणे कसे काढायचे? आमच्या वर्गात नियम आहे की जो शेवटच्या बाकावर बसला आहे त्याला आधी विचारायचे. सभेचा वृत्तांत लिहायचा आणि पुढच्या सभेत तो वाचून दाखवायचा. दर तीन महिन्यांनी प्रतिनिधी बदलायचा. निम्म्याहून जास्त मुलांनी सह्या केल्या तर त्याआधीही बदलता येतो. मतदान बुटाच्या खोक्याला फट पाडून, गुप्त. गेल्या वर्षी एका उमेदवाराने मतदानाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना वडापाव खिलवला. मोठ्यांकडून शिकला, दुसरे काय. मुलांनी वडापाव खाल्ला आणि मते दुसरीलाच दिली. तो रागावला तेव्हा मतमोजणी करणारी मुलगी त्याला म्हणाली, "वडापावचे पैसे सांग, मत कुणाला दिलं ते नाही सांगणार." गुप्त मतदानावरचा आमचा पुढचा तास आम्ही रद्द केला, गरज उरली नव्हती.

आता एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो, कारण या कामाची किंमत काय असते ते त्यातून कळेल. आमच्या वर्गातली नववीतली एक मुलगी तिच्या शाळेत आरोग्यमंत्री झाली. शाळेचे नाव लिहिण्याची गरज नाही. मुलींसाठी तीन स्वच्छतागृहे, त्यांतल्या एकात खेळाचे सामान भरलेले, एकाला कुलूप लावून ते शिक्षकांसाठी ठेवलेले, तिसऱ्यात पाणी नाही. तिने आधी तक्रार केली नाही. आठवडाभर मधल्या सुट्टीत वर्गावर्गांत जाऊन मुलींना एकच गोष्ट विचारली: तुझी पाण्याची बाटली घरी भरलेली जाते की रिकामी? निम्म्याहून जास्त मुलींच्या बाटल्या भरलेल्याच घरी जात होत्या. दिवसभर पाणी प्यायचे नाही म्हणजे जावे लागत नाही, असा हिशेब. ही विचारण्याची युक्ती तिची स्वतःची होती, आम्ही शिकवलेली नव्हती.

मग अर्ज गेला, एका मागणीचा: दोन्ही कुलपे काढावीत. पोच मिळाली नाही, उलट दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणे आले. तिची आई मानकोलीच्या बाजूला गोदामात पॅकिंगचे काम करते. खाडा पडला. मुख्याध्यापकांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले की मुलीला पद शिस्तीसाठी दिले आहे, तक्रारीसाठी नाही. कुणीतरी बाहेरचे लोक तिच्या डोक्यात भरवत आहेत. आई चौथी शिकलेली. तिने अर्ज मागून घेतला, बोट ठेवून सावकाश पूर्ण वाचला आणि म्हणाली, "सर, यात खोटं काय लिहिलंय तेवढं दाखवा." खोलीत तिघेच होते, मुलीने आम्हाला नंतर सांगितले की सर बराच वेळ बोलले नाहीत. आठ दिवसांत कुलपे निघाली. पाण्याची जोडणी व्हायला दिवाळीची सुट्टी उलटून गेली. पुढच्या वर्षी त्या मुलीला कुठलेच खाते मिळाले नाही. तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी आता स्वतः अर्ज लिहितात, त्यांतली एक आपल्या वस्तीतली नाही.

त्या दिवसाचा बुडालेला पगार आणि पुढच्या वर्षी गेलेले पद हे दोन्ही आम्ही पालकांना आधीच सांगतो. लपवून मुले गोळा करण्यात अर्थ नाही.

आणि इथेच दुसरी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रतिनिधीची तयारी करून घेणे म्हणजे सगळे ओझे पोरांच्या खांद्यावर टाकणे नव्हे. आपल्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूरच्या शाळेत जे घडले आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते कुणी विसरलेले नाही. त्यानंतर शाळाशाळांत तक्रारपेट्या आणि सखी सावित्री समित्यांची धावपळ सुरू झाली. या समित्यांचा शासन निर्णय २०२२ चा आहे आणि त्यात विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा आहे. आम्ही मुलांना ती जागा मागायला सांगतो. पण त्याच वेळी हेही बजावतो की कुणा मैत्रिणीने अंगाला हात लावल्याची, त्रास दिल्याची गोष्ट सांगितली तर चौकशी करायची नाही, साक्षीपुरावे गोळा करायचे नाहीत, वर्गात बोलायचे नाही. तिच्याजवळ थांबायचे, विश्वासातल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे, १०९८ हा क्रमांक पाठ असू द्यायचा. पॉक्सो कायद्याने खबर देण्याचे बंधन माहिती असलेल्या प्रत्येकावर घातले आहे; पण खबर न दिल्याची शिक्षा मुलाला लागू होत नाही. कायदा करणाऱ्यांनाही ही सीमारेषा कळली होती. म्हणजे अशा वेळी जबाबदारी आमची आहे, शिक्षकांची आहे, तुमची आहे. मुलाला त्याचे काम शिकवताना त्याचे नसलेले काम कोणते, हेही शिकवले पाहिजे. हा भाग शिकवायला आम्हाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि तो आम्ही पालकांसमोरच शिकवतो.

राहता राहिला आपल्या चळवळीचा प्रश्न. निकाल लागला की वस्तीवस्तीत गुणवंतांचा सत्कार होतो. ट्रॉफी, वही, पाहुण्यांची भाषणे, बॅनरवर देणगीदारांचे फोटो. सत्कार व्हावेत, त्याला आमचा विरोध नाही. आपल्या पोरीला नव्वद टक्के पडले याचा आनंद आपण नाही तर कुणी करायचा? पण ज्या मुलाला पंचावन्न टक्के पडले आणि ज्याने वर्षभर वर्गातल्या चार कातकरी मुलांची नावे पटावरून निघू दिली नाहीत, त्याला त्या स्टेजवर जागा नाही. गुणवत्तेची व्याख्या आपण प्रस्थापितांकडून जशीच्या तशी उचलली आहे. ज्या मोजपट्टीने १९९४ साली आमच्या पोरांच्या निवडणुका गेल्या, तीच पट्टी आपण विहाराच्या अंगणात वापरतो.

आणि भक्तीचे काय करायचे? २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल इशारा दिला, ते भाषण आपण दरवर्षी २६ नोव्हेंबरला एकमेकांना फॉरवर्ड करतो. मग त्याच संध्याकाळी एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीमागे आठवी-नववीच्या पोरांना निळे झेंडे देऊन पळवतो. ते पोर त्या दिवशी काय शिकले? घोषणा कुणी द्यायची आणि गाडीत कुणी बसायचे, एवढेच. ज्यांना आपल्या संघटनेची विद्यार्थी आघाडी वाढवायची आहे त्यांना आमची विनंती आहे की पोरांना रॅलीत बोलावण्याआधी एकदा आपल्या शाखेच्या बैठकीत बसवा, वृत्तांत त्यांना लिहू द्या आणि जमाखर्च त्यांना वाचायला द्या. किती शाखा हे करायला तयार होतील याची आम्हाला शंका आहे. जमाखर्च म्हटले की मोठमोठे नेते अस्वस्थ होतात, आणि नववीची पोरे नको ते प्रश्न विचारतात.

शाळांशी भांडण करा असे आम्ही सांगत नाही. भिवंडीत असे शिक्षक आहेत जे स्वतःहून आमच्या वर्गाला मुले पाठवतात. एका बाईंनी यंदा आपल्या वर्गात फळ्यावर नावे लिहिण्याची पद्धत बंद केली आणि त्याऐवजी मॉनिटरला रोज एक प्रश्न आणायला सांगितले, वर्गातल्या कुणाचाही, नाव न सांगता. पहिल्या आठवड्यात 'सर पंखा' एवढेच आले. तिसऱ्या आठवड्यात एक चिठ्ठी आली की गणिताचे दुसऱ्यांदा समजावून सांगाल का, पहिल्यांदा हात वर करायची लाज वाटते. बाईंनी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

येत्या पंधरवड्यात शाळांची मंत्रिमंडळे ठरतील. ज्यांना आपल्या भागात असा वर्ग सुरू करायचा आहे त्यांनी एक रविवार येऊन बसावे. अर्जाचे नमुने, पोषण आहाराचे आकडे आणि शिष्यवृत्त्यांची यादी आम्ही झेरॉक्स करून ठेवली आहे, उर्दूतला तर्जुमा एक शिक्षक करून देत आहेत. तेलुगू जाणणारे कुणी मिळाले तर हवे आहेत. पडघ्याकडून येणाऱ्या मुलांची एसटी साडेदहाला पोचते, म्हणून वर्ग अकराला सुरू होतो. पहिला अर्धा तास मागच्या सभेचा वृत्तांत वाचण्यात जातो आणि त्यात मुले आमच्याही चुका काढतात, तेवढी तयारी ठेवून यावे.

जयभीम.